किटी वेल्सला ‘वाट पाडणारी’ म्हणायचं का?

रानजाई
गेले तीन आठवडे पोळ्या लाटताना माझ्याकडे एकच गाणं चालू आहे. काल नवऱ्यानं हात जोडले, "ह्या बाईला जरा विश्रांती दे." म्हणून इथे धागा काढतेय.

बाई म्हणजे अमेरिकेतली कंट्री गायिका किटी वेल्स. (कंट्री म्हणजे तिकडचं गावाकडच्या वळणाचं संगीत.) गाणं १९५२ चं, ‘इट वॉझन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स’ (हॉन्की टॉन्क म्हणजे गाणं-दारूचा गुत्ता). त्याच वर्षी हँक थॉम्प्सनचं ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ तुफान गाजत होतं, पंधरा आठवडे पहिल्या नंबरावर. त्यात एक बाप्या रडतोय, की माझ्यासारखा जीव लावणारा सोडून ही गुत्त्यातल्या झगमगाटात परत गेली. असल्या बायकाही देवानंच बनवल्यात हे मला ठाऊक नव्हतं, म्हणतो. किटीचं गाणं हे त्याला उत्तर. देवावर कशाला ढकलता? लग्न झालेले पुरुष बिनलग्नाचे असल्यासारखे हिंडतात, त्यांच्यापायी चांगल्या मुली वाया जातात आणि बोल लागतो तो बाईला. हे गाणं बिलबोर्ड ह्या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री यादीत सहा आठवडे पहिलं राहिलं. एकट्या बाईचं गाणं तिथे पहिलं येण्याची ती पहिलीच वेळ.

आता माझी अडचण. गाणं लिहिलं पुरुषानं, जे. डी. मिलरनं. तिच्याकडून गाऊन घ्यायचं ठरवलं डेका कंपनीच्या पॉल कोहेननं. तिचं खरं नाव एलेन म्युरिएल डीसन. ‘किटी वेल्स’ हे नाव नवऱ्यानं, म्हणजे जॉनी राइटनं, एका जुन्या लोकगीतातून उचललं. आणि ती स्वतः स्टुडिओत गेली ती १२५ डॉलर मानधन मिळतंय म्हणून. गाणं चालेल असं तिला वाटलंही नव्हतं. मग हिला ‘पायोनियर’ का म्हणतात? वाट हिनं पाडली, की हिला कुणीतरी त्या वाटेवर ढकललं?

मला गाणं प्रचंड आवडतं, तेव्हा चपला मारू नका.

चिंचगूळ
चपला नाही, पण लिंक टाका की.

नानाफडणीस२
लताबाई स्वतः गाणी लिहीत होत्या काय? ‘आयेगा आनेवाला’च्या पहिल्या तबकडीवर तर त्यांचं नावसुद्धा नव्हतं, पात्राचं ‘कामिनी’ हे नाव छापलं होतं. म्हणून काय मोठेपण कमी झालं? उगाच काथ्याकूट.

रानजाई
नाना, मोठी गायिका आहे का हा प्रश्नच नाही. मोठी आहेच. पायोनियर आहे का, हा प्रश्न आहे. दोन्ही वेगळं.

अवखळ
नाना, धागा वाचून प्रतिसाद द्यायची पद्धत इथे अजून रूढ व्हायचीय. (दिवे घ्या)

टेनेसीतली_ताई
अरे वा, माझ्या गावचा विषय! मी नॅशव्हिलला, म्हणजे टेनेसीतल्या कंट्रीच्या माहेरघरी, अकरा वर्षं आहे. सुरुवातीची पाच वर्षं कंट्रीचा आवाज आला की गाडीतला रेडिओ बंद करायचे, हे आधीच कबूल करते.

बाकीचे कंट्रीवाले कुठूनतरी नॅशव्हिलला ‘येतात’. किटी इथलीच, १९१९ चा जन्म. वडील रेल्वेत ब्रेकमन, घरी गिटार वाजवायचे, आई प्रार्थनेची गाणी म्हणायची. मंदीच्या काळात शाळा सुटली आणि पोरगी शर्टाच्या कारखान्यात इस्त्री करायला लागली, आठवड्याला नऊ डॉलर. पुढे जिला कंट्रीची राणी म्हणाले तिनं आधी लोकांचे शर्ट कडक केलेत! १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, जॉनी राइटशी लग्न. जॉनीची बहीण लुईझ आणि ही, नणंद-भावजय मिळून त्याच्याबरोबर गायच्या. लुईझचा नवरा जॅक अँग्लिन. पुढे ‘जॉनी अँड जॅक’ ही जोडी नावारूपाला आली आणि किटी त्यांच्या कार्यक्रमात मधली दोन-तीन गाणी म्हणणारी झाली. तीन मुलं, गाडीत सामान, आज ह्या रेडिओ स्टेशनला तर उद्या त्या. १९४९ ला आरसीए कंपनीसाठी काही गाणी केली, ती पडली. १९५२ पर्यंत तिचा विचार घरी बसून पोरं सांभाळायचा होता.

म्हणजे रानजाई, ढकललं म्हणतेस ते अगदीच खोटं नाही. पण पंधरा वर्षं ती त्याच रस्त्यावर चालत होती गं. कुणाचं लक्ष नव्हतं इतकंच.

मीठभाकर
ताईंच्या प्रतिसादात भर. लुइझियानात श्रीव्हपोर्टला केडब्ल्यूकेएच नावाच्या रेडिओ स्टेशनवर ही ‘रॅग डॉल’ ह्या नावानं तबकड्या लावायची आणि मध्येमध्ये गोधडीचं सामान विकायची. कापडाचे कापलेले तुकडे, रेडिओवरून!

माझी आजी गोधड्या शिवायची. जुनी लुगडी, सदरे, आजोबांचं धोतर, सगळं त्यात. प्रत्येक चौकोनाला "हे तुझ्या आत्याच्या बारशाचं" असा पत्ता असायचा. तेव्हा गोधडीचे नवे कोरे तुकडे विकत घ्यायचे हे तिला चक्क पाप वाटलं असतं. पण किटीचा श्रोता कोण होता ते ह्या एका गोष्टीवरून कळतं. दुपारी पोरं निजवून हातात सुई घेऊन रेडिओ ऐकणारी बाई. गुत्त्यात बसणारा बाप्या तर आधीपासूनच श्रोता होता. ह्या बायका ग्राहक आहेत, तबकडी विकत घेतात, हे कंपन्यांच्या डोक्यात १९५२ पर्यंत शिरलंच नव्हतं.

अवखळ
गोधडी विकणारी आरजे. आमच्याकडचे आरजे फ्लॅट विकतात.

गावठी_गिटार
संगीताच्या बाजूनं बोलतो, कारण ह्या गाण्याची खरी गंमत तिथे आहे.

ही चाल मिलरची नाहीच. तीच चाल थॉम्प्सनच्या गाण्याची. त्याच्याआधी १९३६ ला रॉय अकफ ह्या कंट्री गायकानं ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ हे धार्मिक गाणं त्याच चालीवर म्हटलं. आणि त्याच्याही आधी १९२९ मध्ये कार्टर कुटुंब ह्या गाणाऱ्या घराण्यानं त्यावर विरहगीत केलं होतं. एक चाल, चार गाणी: विरहिणी, भक्त, रडका नवरा आणि चिडलेली बाई. आपल्याकडे एकाच चालीवर चार आरत्या म्हणतो तसंच. चाल कुणाच्या बापाची नसते, ज्याला जे म्हणायचं त्यानं त्यात भरावं.

म्हणूनच ते उत्तर इतकं झोंबलं. ऐकणाऱ्याच्या कानात थॉम्प्सन अजून वाजत असताना त्याच्याच चालीत बाई बोलायला लागली. तमाशातला सवाल-जवाब असाच चालतो. समोरच्याच्या ठेक्यात राहून त्याला चीत करायचं.

दुसरं, तिचा आवाज. पातळ, थोडा नाकातला, शब्दाच्या शेवटी किंचित थरथरणारा. हरकती नाहीत, तान नाही. मागे स्टील गिटार रडतेय, तारांवरून पोलादी दांडी सरकवत वाजवतात ती. ती हवाई बेटांतून आलेली. आपल्याकडे व्हॅन शिप्लीनं हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवली त्याच घराण्याची. गिटार एवढी रडत असताना बाई मात्र कोरडी गाते. मी घरी हे गाणं बसवायचा प्रयत्न केला. तीन कॉर्ड आहेत, दहा मिनिटांत बसलं. पण म्हणताना दुसऱ्याच ओळीला माझा आवाज आपोआप भांडखोर झाला. बायको आतून म्हणाली, "कुणाला ओरडतोयस?" किटी ओरडत नाही. अजिबात.

चिंचगूळ
लिंक??

प्रा_कंटाळा
धागाकर्तीच्या विधानात थोडी दुरुस्ती. ‘पहिली’ हा शब्द जपून वापरावा.

१९२७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावात तबकडी कंपनीच्या राल्फ पीअरनं जे ध्वनिमुद्रण केलं, ज्याला कंट्रीचा जन्म मानतात, त्यात कार्टर कुटुंबाचा मुख्य आवाज सारा कार्टरचा. गिटार तिची मावसबहीण आणि जाऊ मेबेलची. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची, पोटात मूल, आणि अंगठ्यानं खालच्या जाड तारांवर चाल वाजवत उरलेल्या बोटांनी ठेका धरायची. ही पद्धत पुढे जगभरच्या गिटारवाल्यांनी उचलली. मग १९३५ ला पॅट्सी मोंटानाचं ‘आय वाँट टू बी अ काउबॉइज स्वीटहार्ट’. बाईच्या कंट्री गाण्याच्या दहा लाख प्रती खपल्याचं पहिलं उदाहरण म्हणून ते सांगतात. त्यामुळे किटी पहिली गायिका नव्हे, पहिली वादक नव्हे, पहिली खपणारीही नव्हे. बिलबोर्डच्या यादीत एकटीनं पहिली आलेली पहिली, एवढंच.

अवखळ
"एवढंच" म्हणे. सर, तुमच्या कॉलेजात पहिला नंबर आलेल्या मुलीलाही असंच म्हणता का?

प्रा_कंटाळा
हो.

अवखळ
हहपुवा (हसून हसून पुरे वाट)

म्हापशेकार
आमच्या गोंयात कंट्री म्हणजे जिम रीव्हज, बाकी कोणी नाही. माझ्या पप्पांची कॅसेट इतकी घासलेली की नाताळाच्या गाण्यात मध्येच आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा आणि आम्हाला वाटायचं गाणंच तसं आहे. लग्नाच्या बँडला बारानंतर कोणतरी काका हमखास जिम रीव्हजची फर्माईश करणार आणि डोळे पुसणार. किटी वेल्स हे नाव मी पहिल्यांदा ह्या धाग्यावर वाचलं. आता प्रश्न पडला, आमच्याकडे पुरुषांचा कंट्री पोचला तर बायकांचा का नाही?

नानाफडणीस२
कारण जिम रीव्हज गुळगुळीत गातो. इंग्रजी कळलं नाही तरी झोप चांगली लागते.

म्हापशेकार
नाना, आमच्या गावात हे बोलू नका हां. जेवण मिळणार नाही.

पोस्टमनकाका
धागा उशिरा पाहिला. माझ्या मते किटीपेक्षा खरी वाट पाडली तिच्यानंतरच्या कंट्री गायिकेनं, लोरेटा लिननं. तिची बरीच गाणी तिची स्वतःची.

केंटकीतल्या बुचर हॉलोत कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या माणसाची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न. (ती स्वतः तेरा सांगायची, २०१२ मध्ये जन्माचा दाखला बाहेर आला आणि कळलं की बाईंनी वय तीन वर्षांनी कमी केलं होतं. आमच्या पोस्टात असे दाखले फार पाहिलेत, म्हणून हसू आलं.) नवऱ्यानं सतरा डॉलरची गिटार आणून दिली. पहिली तबकडी १९६० ची. नवरा-बायको गाडीत बसून गावोगावच्या रेडिओ केंद्रांत ती हातानं पोचवत फिरले. म्हणजे आपल्याच खात्याचं काम!

आणि पुढे हिनं काय काय लिहिलं? पिऊन घरी येऊन अंगचटीला येणाऱ्या नवऱ्यावर. नवऱ्यामागे लागलेल्या बाईवर, हाणामारीच्या भाषेत. १९७५ ला ‘द पिल’ गायलं, गर्भनिरोधक गोळीवर, ते मात्र दुसऱ्यांनी लिहिलेलं. अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, तरी कंट्री यादीत पाचव्यापर्यंत गेलं. १९७२ ला कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ मिळवणारी पहिली बाई तीच. ह्याला म्हणतात वाट पाडणं. किटीताई बिचाऱ्या दिलं ते गायल्या.

रानजाई
पोस्टमनकाका, माझं अर्धं मत तुमच्यासारखंच होतं म्हणून तर धागा काढला. पण लोरेटा स्वतः किटीला आदर्श मानायची. तिच्यासारखं गायचं म्हणूनच ती गायला लागली. मग?

टेनेसीतली_ताई
काका, "दिलं ते गायल्या" ह्यावर जरा थांबा.

हे गाणं तिच्याआधी दुसऱ्या एका मुलीनं मिलरच्याच छोट्या कंपनीसाठी गायलं होतं, थोड्या वेगळ्या नावानं. कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मग ३ मे १९५२ ला नॅशव्हिलमधल्या टुलेन हॉटेलातल्या कॅसल स्टुडिओत किटीनं गायलं, आणि इतिहास झाला. शब्द तेच, चाल तीच. मग फरक कशाचा?

आणि त्या वेळचं वातावरण बघा. एनबीसी रेडिओनं गाण्यावर बंदी घातली, सूचक आहे म्हणून. ग्रँड ओल ऑप्री, म्हणजे नॅशव्हिलचा कंट्रीचा सगळ्यात मानाचा रेडिओ कार्यक्रम, त्याच्या मंचावरही सुरुवातीला हे गाणं म्हणायला मनाई होती. थॉम्प्सनच्या गाण्यात तेच गुत्ते, तीच दारू, तीच बाई. त्यावर बंदी नाही! रॉय अकफ (गिटारभाऊंच्या यादीतला ‘भक्त’) जॉनीला म्हणाला होता की बाईच्या नावावर कार्यक्रम लावू नकोस, चालणार नाही. जॉनीनं ऐकलं नाही. पुढच्या जाहिरातींत किटीचं नाव वर आणि जॉनी-जॅक खाली. १९५२ सालच्या दक्षिणेत नवऱ्यानं स्वतःचं नाव बायकोच्या खाली छापून घेणं, हे मला त्या गाण्याइतकंच मोठं वाटतं.

मीठभाकर
+१. आणि शेवटच्या वाक्याला +१००. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर ‘आणि कन्या’ लिहायला अजून लोक दचकतात.

नानाफडणीस२
म्हणजे शेवटी श्रेय नवऱ्यालाच? बघा हं, मी नाही म्हणालो.

टेनेसीतली_ताई
नाना, तुम्ही आमच्याकडे एकदा या. ऑप्रीच्या जुन्या रायमन सभागृहात तुम्हाला बसवते, मागच्या बाकावर. लाकडी चर्चची बाकं आहेत, कारण ते मुळात प्रार्थनागृहच होतं, १८९२ चं. दोन तासांत पाठ मोडते, माणूस आपोआप गप्प होतो.

अवखळ
ताई, नानांसाठी वर्गणी काढूया. एकेरी तिकीट.

गावठी_गिटार
थोडं अवांतर, पण राहवत नाही. गीतकार जे. डी. मिलर लुइझियानातल्या क्राउली गावचा. ह्याच माणसानं आपल्या स्टुडिओत लाइटनिन स्लिम, स्लिम हार्पो अशा काळ्या ब्लूज कलावंतांचं अप्रतिम ध्वनिमुद्रण केलं. आणि ह्याच माणसानं साठच्या दशकात काळ्यांविरुद्ध विष ओकणाऱ्या तबकड्या काढून विकल्या. बाईची बाजू इतक्या नेमकेपणानं लिहिणारा तोच हा. मला हे कळल्यापासून गाणं ऐकताना पहिल्या ओळीला थोडं अडखळायला होतं. किटीचा आवाज आला की विसरतो, मग परत आठवतं.

प्रा_कंटाळा
महत्त्वाचा मुद्दा. ह्याच संदर्भात: ‘वाट पाडली’ म्हणताना ती वाट कुणासाठी खुली झाली हेही पाहावं. ऑप्रीच्या मंचावर एकटीनं गाणारी पहिली काळी बाई लिंडा मार्टेल, तीही १९६९ मध्ये. एकच अल्बम निघाला आणि तिची कारकीर्द आटोपली. बियॉन्सेनं २०२४ मध्ये ‘काउबॉय कार्टर’ अल्बमवर तिचा आवाज घेतला तेव्हा बहुतेकांना तिचं नाव कळलं. आणि बिलबोर्डच्या मुख्य कंट्री यादीत काळ्या बाईचं गाणं पहिलं आलं तेही त्याच वर्षी, बियॉन्सेचंच. किटीनंतर बहात्तर वर्षांनी.

मीठभाकर
बहात्तर वर्षं. बाई गं.

पोस्टमनकाका
आणि गोऱ्या बायकांचं तरी काय सुख? २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागारानं सांगितलं होतं की कंट्री स्टेशनवर बायकांची गाणी लागोपाठ लावू नका. पुरुष गायक म्हणजे सॅलडमधली पानं आणि बायका म्हणजे टोमॅटो. त्यावर बराच गदारोळ झाला.

अवखळ
मंडईत गेल्या महिन्यात टोमॅटो काय भावानं होते ते त्याला सांगा कुणीतरी.

म्हापशेकार
दोन दिवस ऐकतोय. पॅट्सी क्लाइन पण ऐकली. ‘क्रेझी’ तर मला माहीत होतं की हो, फक्त कोणाचं ते माहीत नव्हतं. काय गळा आहे! तिच्यापुढे किटी मला साधी वाटली, खरं सांगतो.

गावठी_गिटार
पॅट्सी वेगळंच प्रकरण. तिच्यामागे व्हायोलिनं, कोरस, गुळगुळीत शहरी साज. पण गंमत अशी की किटीचं ते गाणं आणि पॅट्सीचं ‘क्रेझी’ दोन्ही ओवेन ब्रॅडली ह्या एकाच निर्मात्याच्या देखरेखीखाली झाली. नऊ वर्षांत तोच माणूस गुत्त्यातून मेजवानीच्या दिवाणखान्यात पोचला.

टेनेसीतली_ताई
पॅट्सीचा विषय निघाला म्हणून लिहिते. ५ मार्च १९६३ ला टेनेसीतच कॅम्डन गावाजवळ विमान पडून ती गेली. तिशीच उलटली होती. त्याच विमानात हॉकशॉ हॉकिन्स होता. त्याची बायको जीन शेपर्ड, तीही नावाजलेली कंट्री गायिका, तेव्हा आठ महिन्यांची गरोदर. आणि दोन दिवसांनी, पॅट्सीच्या शोकसभेला जाताना गाडीच्या अपघातात जॅक अँग्लिन गेला. किटीच्या नणंदेचा नवरा, पंचवीस वर्षांचा गाण्यातला सोबती.

ह्या बायकांच्या कारकिर्दी आपण याद्यांतल्या नंबरांनी मोजतो. त्या आठवड्यात त्या घरात काय असेल ह्याचा मी अनेकदा विचार करते. पुढे जॉनी एकटा पडला आणि मग नवरा, बायको, मुलं असा सगळा घरचाच कार्यक्रम करत ते हिंडत राहिले. टीव्हीवरही आले. शेवटचा कार्यक्रम ३१ डिसेंबर २००० ला इथेच नॅशव्हिलमध्ये. किटी तेव्हा ८१ वर्षांची.

चिंचगूळ
हा प्रतिसाद वाचून लिंक मागायचं धाडस होत नाहीये.

मीठभाकर
अजून एक छोटीशी गोष्ट, घरकाम आणि गाणं ह्यावरून आठवली. टॅमी वायनेट, ‘स्टँड बाय युअर मॅन’वाली. ती आधी केस कापायचं काम करायची. इतकी मोठी झाल्यावरही तिनं तो परवाना दरवर्षी नूतनीकरण करून जपला. गाणं बंद पडलं तर हातात काहीतरी असावं म्हणून! माझ्या आईनं शिकवण्या बंद केल्यावरही फळा आणि खडूचा डबा माळ्यावर ठेवलाय, तेच कारण.

किटीचे ते १२५ डॉलरसुद्धा मला असेच दिसतात. ज्या बाईनं आठवड्याला नऊ डॉलरवर इस्त्री केली, तिच्या हिशेबात १२५ म्हणजे तीन महिन्यांहून जास्त पगार. रानजाई, तू ते "फक्त पैशासाठी" अशा सुरात लिहिलंयस. मला त्यात कमीपणा दिसत नाही.

रानजाई
मीठभाकर, हा हिशेब मी केलाच नव्हता. मान्य. तो शब्द मागे.

पोस्टमनकाका
मीही माझं विधान जरा सौम्य करतो. परवा १९९३ चा तो अल्बम ऐकला, डॉली पार्टन, लोरेटा लिन आणि टॅमी वायनेट तिघींचा. पहिलंच गाणं किटीचं हे, आणि त्यात त्यांनी किटीलाच गायला बोलावलंय. त्या तिघी म्हणजे एकेक तोफ. पण मध्ये चौऱ्याहत्तरीच्या आसपासची किटी सुरू होते आणि बाकीच्या चक्क आवाज आवरून गातात. लेकी-सुना सासूपुढे पदर सावरतात तसं काहीसं. मी तीन वेळा ऐकलं. आमच्या हिनं विचारलं, "काय झालं, डोळ्यात काय गेलं?"

नानाफडणीस२
आता मलाही ऐकावं लागणार. ठीक आहे.

प्रा_कंटाळा
मूळ प्रश्नाकडे येतो. गिटारभाऊंनी एक गोष्ट लिहिली ती निसटली: ती ओरडत नाही. मला वाटतं उत्तर तिथे आहे. त्या काळी बाई कंट्रीत गायची तेव्हा बहुधा कुणाची तरी बहीण, बायको, किंवा काउबॉयची खट्याळ मैत्रीण म्हणून. किटी मंचावर चौकड्यांच्या सुती झग्यात, गृहिणीसारखी उभी राहायची आणि अगदी सपाट आवाजात विवाहित पुरुषांवर आरोप करायची. हे गाणं कुणी भडक कपड्यातल्या, गुत्त्यात गाणाऱ्या बाईनं म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, ही असं म्हणणारच. साक्ष देणाऱ्याची पत महत्त्वाची असते. तिची पत इस्त्री, पोरं, प्रार्थना आणि गोधडी ह्यांतून आलेली. त्यामुळे ‘एवढंच’ हा माझा शब्द मी मागे घेतो.

अवखळ
सर शब्द मागे घेतात!! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

रानजाई
सर, हे आधी का नाही लिहिलंत, माझे तीन आठवडे वाचले असते.

मी तिच्याबद्दल "बंड केलं नाही" असं मनात धरून बसले होते, कारण बंड म्हणजे लोरेटासारखं, असं डोक्यात. मीठभाकरचा हिशेब आणि सरांची साक्ष, दोन्हींमुळे गाणं आज वेगळं ऐकू आलं. अजूनही मला वाटतं की वाट पाडायची असं ठरवून ती निघाली नव्हती. पण ठरवून निघालेल्यांनाच पायोनियर म्हणायचं, हा नियम मी कुठून आणला ते मलाच सांगता येईना.

टेनेसीतली_ताई
आज कामावरून येताना मुद्दाम गॅलटिन पाइकवरून आले. त्या रस्त्यावर स्प्रिंग हिल दफनभूमी आहे. २०१२ मध्ये, ९२ व्या वर्षी किटी गेली, ती तिथे आहे. जॉनी त्याच्या आदल्या वर्षी गेला होता, लग्नाला चौऱ्याहत्तर वर्षं होत आली होती. आणि बाईच्या नावावर कार्यक्रम लावू नको म्हणणारा रॉय अकफही त्याच दफनभूमीत आहे. आत गेले नाही, पाऊस होता आणि मुलीला पोहायच्या क्लासवरून आणायचं होतं. सिग्नलला थांबले तेव्हा तेवढंच आठवलं.

म्हापशेकार
पप्पांना किटी ऐकवली. म्हणाले, "जिम रीव्हज लाव." प्रयत्न केला ओ.

रानजाई
इथेही तसंच. काल नवऱ्याला धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, आता त्या थॉम्प्सनची पण बाजू ऐकू, एकतर्फी न्याय नको. लावलं. अर्धं झाल्यावर म्हणतो, "अगं, हे तेच गाणं आहे की! तीन आठवडे मी हेच ऐकतोय."

चिंचगूळ
दोन्हींची लिंक द्या हो कुणीतरी.